आषाढात घडणारे पाय

चांदणी चौकातून पश्चिमेला निघालेला सायकलस्वार ताम्हिणी घाटाच्या तोंडाशी पोहोचतो, तेव्हा त्यानं जेमतेम पन्नास-पंचावन्न किलोमीटर कापलेले असतात. पावसाच्या हिशेबात मात्र तो दुसऱ्याच मुलखात गेलेला असतो. पुणे शहरात वर्षभरात सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. २५ जुलै २०२४ च्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत ताम्हिणीत ५५६ मिलिमीटर पडला. पुण्याच्या पाऊण वर्षाचा पाऊस एका दिवसात! भूगावला भुरभुर, पिरंगुटला सर, पौडला संततधार, आणि मुळशीच्या जलाशयाच्या कडेनं पुढं गेलं की पाऊस वरून पडतोय असं वाटेनासंच होतं. आपणच त्याच्या आत शिरलेलो असतो. मोटारीतल्या माणसाला हा फरक वायपरच्या वेगावरून कळतो. सायकलवर तो कातडीला कळतो, दर पाच किलोमीटरला नव्यानं.

आणि ऐन जुलैत, रविवारी पहाटे, उजाडायच्या आत, या रस्त्यावर तांबडे दिवे लुकलुकत चाललेले दिसतात. हे लोक धबधबा बघायला निघालेले नसतात. त्यांना नोव्हेंबरात सहाशे किलोमीटर चालवायचे असतात, किंवा येत्या वर्षात बाराशे. ही तयारी कोरड्या दिवसांत का करत नाहीत, असा प्रश्न घरच्यांनाही पडतो आणि चहाच्या टपरीवाल्यालाही. त्याचं उत्तर थोडं कॅलेंडरात आहे, थोडं स्नायूंच्या आत आहे, आणि शोधत गेलं की एकेक गोष्ट थक्क करत जाते.

आधी त्या अंतरांबद्दल. या प्रकाराला ब्रेव्हे म्हणतात. आपल्याकडे बोलताना सरसकट ‘बीआरएम’. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत, ६०० चाळीस तासांत. हंगाम १ नोव्हेंबरला सुरू होतो आणि ३१ ऑक्टोबरला संपतो. एकाच हंगामात या चारही पूर्ण केल्या की माणूस ‘सुपर रॅंडोनर’ होतो, म्हणजे मंडळींच्या भाषेत ‘एसआर झाला’. ही शर्यत नव्हे. पहिला-दुसरा नंबर काढला जात नाही. खिशात एक कार्ड असतं, ठरलेल्या ठिकाणी त्यावर शिक्का घ्यायचा. तिथं माणूस नसेल तर एटीएमची चिठ्ठी किंवा पेट्रोल पंपाची पावती पुरावा म्हणून जपायची. मागून मदतीची गाडी आणायची नाही. पंक्चर आपणच काढायचं, भूक आपणच भागवायची, रात्र आपल्याच दिव्यावर काढायची. १९०४ साली स्थापन झालेला ऑदॅक्स क्लब पॅरिसियन आजही जगभरच्या या ब्रेव्हेंना मान्यता देतो, आणि पुण्यातून सुटणाऱ्या दोनशेच्या राईडचा निकालही पॅरिसच्या नोंदीत जातो.

हिशेब केला तर वेग ताशी पंधरा किलोमीटर पडतो. ऐकायला किरकोळ वाटतं. पण यात जेवण आलं, पंक्चर आलं, सिग्नल आले, घाट आले, आणि सहाशेच्या वेळी झोपही आली. घड्याळ कशासाठीच थांबत नाही.

या सगळ्याचं मूळ पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस. १८९१ मध्ये ‘ल प्ती जुर्नाल’ या वृत्तपत्राच्या पिएर जिफार यांनी पॅरिसहून अटलांटिकच्या काठावरच्या ब्रेस्टला जाऊन परत यायची ही शर्यत भरवली. सुमारे बाराशे किलोमीटर. शार्ल तेराँ हा फ्रेंच सायकलपटू ७१ तास आणि वर काही मिनिटं घेऊन पहिला आला, आणि त्याच्या चाकांवर मिशेलिनचे हवा भरायचे, काढता-घालता येणारे टायर होते. जगाला त्या टायरची ओळख पटवण्यात या शर्यतीचा मोठा हात आहे. आज ती शर्यत राहिलेली नाही, सगळ्यात जुनी आणि सगळ्यात मानाची ब्रेव्हे आहे. दर चार वर्षांनी होते, कमाल मुदत ९० तास. आणि होते ऑगस्टमध्ये.

इथे कॅलेंडर आड येतं. ऑगस्टमध्ये फ्रान्सला जायचं तर शेवटची, सगळ्यात महत्त्वाची तयारी जून-जुलैत पडते. आपल्याकडची डेक्कन क्लिफहँगर ही पुणे ते गोवा सुमारे साडेसहाशे किलोमीटरची शर्यत सहसा नोव्हेंबरात असते, म्हणजे तिचा पाया ऑगस्ट-सप्टेंबरात घालावा लागतो. इंग्लंड-बेल्जियमच्या सायकलस्वारांना जे ओले, काळोखे हिवाळे काढावे लागतात, ते आपल्या वाट्याला येत नाहीत; पुण्याचा हिवाळा म्हणजे सायकलीसाठी स्वर्ग. आपला ओला हंगाम ज्येष्ठात सुरू होतो. त्या लोकांना धुक्यात, चिखलात, बोटं बधिर होईतो जे किलोमीटर घालावे लागतात, ते आपण कोमट पावसात घालतो.

पावसाळ्यात सायकल भिंतीला टांगली तर काय बिघडतं? याचं उत्तर १९८४ च्या एका प्रयोगात आहे, आणि माझ्या मते लांब पल्ल्याच्या प्रत्येक सायकलस्वारानं तो एकदा तरी समजून घ्यावा. एडवर्ड कॉइल, जॉन होलॉझी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं कसून सराव केलेल्या सात खेळाडूंना व्यायाम पूर्ण थांबवायला सांगितलं. एकूण ८४ दिवस. पहिल्या २१ दिवसांतच त्यांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता ७ टक्क्यांनी घसरली, ५६ व्या दिवशी घसरण १६ टक्क्यांवर गेली आणि तिथे स्थिरावली. ८४ दिवस म्हणजे जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. मुळशीचा पावसाळा जवळजवळ तंतोतंत!

त्या घसरणीच्या आतली गोष्ट जास्त विलक्षण आहे. स्नायूंच्या पेशींमध्ये तंतुकणिका असतात, म्हणजेच मायटोकॉन्ड्रिया. चरबी आणि साखर ऑक्सिजनच्या मदतीनं जाळून ऊर्जा काढण्याचं काम त्यांच्यात चालतं. हेच होलॉझी १९६७ मध्ये एक मोठी गोष्ट दाखवून गेले होते. त्यांनी उंदरांना बारा आठवडे फिरत्या पट्ट्यावर पळवलं, हळूहळू वेळ वाढवत नेली, आणि त्यांच्या स्नायूंतल्या तंतुकणिकांची काम करण्याची क्षमता दुपटीच्या घरात गेली. त्याआधी सहनशक्ती म्हणजे मुख्यतः हृदय आणि फुप्फुसं, असा समज होता. होलॉझींनी दाखवलं की मोठी वाढ पायातही होते, डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी. आणि १९८४ च्या प्रयोगात दिसलं की व्यायाम थांबला की ही वाढ ओसरू लागते. या कणिकांमधली विकरं काही आठवड्यांत भराभरा उतरतात. वापरात नसलेली यंत्रणा शरीर पोसत बसत नाही, ती मोडून टाकतं.

पण सगळं जात नाही. त्या सात खेळाडूंच्या स्नायूंतलं केशवाहिन्यांचं जाळं ८४ दिवसांनंतरही जवळपास जसंच्या तसं होतं. वर्षानुवर्षं चालवलेल्या पायात रक्ताच्या वाटा टिकून राहतात. जुना सायकलस्वार सुटीनंतर लवकर रुळावर येतो त्यामागे हेही एक कारण असावं असं मला वाटतं.

म्हणजे जुलैतल्या भिजलेल्या रविवारी ताम्हिणीला जाणारा माणूस काही नवं कमावत असो वा नसो, मे महिन्यापर्यंत कमावलेलं वितळू देत नसतो. त्यासाठी फार जोर काढावा लागतो असंही नाही. शेजारी चालणाऱ्याशी धाप न लागता पूर्ण वाक्यात बोलता येईल, एवढ्या जोरात तासन् तास चालवणं, हा या वाढीचा मुख्य खुराक. पावसात उतारावर वेग धरता येत नाही, वळणावर झोकून देता येत नाही. घाई करायची सोयच नसते. संयम शिकवायला आषाढासारखा मास्तर नाही.

या रस्त्याला आणखी एक गुण आहे, तो वाऱ्याचा. अरबी समुद्रावरून आलेली बाष्पानं जड हवा कोकण ओलांडते आणि सह्याद्रीच्या कड्याला येऊन धडकते. पुढं जायला वाट वरच. वर चढताना हवा थंड होत जाते, ढगांत दर किलोमीटरला साधारण चार-पाच अंशांनी, आणि थंड हवेला तेवढं बाष्प पेलत नाही. ते कड्यावरच उतरतं. कडा ओलांडून हवा पुण्याकडे घसरते तोवर तिच्यातलं पाणी बरंचसं गळून गेलेलं असतं. ताम्हिणीत हजारो मिलिमीटर आणि पुण्यात सातशे, हा चमत्कार एवढ्या साध्या कारणानं घडतो. जुलैतल्या या पावसात विजाही फारशा चमकत नाहीत. त्या मे-जूनच्या आणि ऑक्टोबरच्या वळवाच्या ढगांत असतात. म्हणून ऐन आषाढातली संततधार सायकलस्वाराला विजेच्या बाबतीत त्या मानानं निर्धास्त ठेवते, आणि परतीच्या पावसातली दुपार मात्र जपून काढावी लागते.

हा वारा पश्चिमेकडून येतो आणि रस्ता पश्चिमेकडेच जातो. म्हणजे जाताना सगळा वारा तोंडावर. ताशी वीसच्या वेगानं चालताना समोरून ताशी पंधराचा वारा आला, तर हवेच्या दृष्टीनं आपण पस्तीसच्या वेगानं चाललेलो असतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणून तो विरोध तिपटीवर जातो. पौडच्या पुढं सपाटीवर असून चढासारखं वाटतं ते यामुळे. परत फिरलं की तोच वारा पाठीवर हात ठेवतो आणि दमलेल्या पायांना घरी आणतो. सरावासाठी यापेक्षा चांगली रचना ठरवून करता आली नसती.

जलाशयाच्या कडेनं जाताना एक गोष्ट मनात आल्याशिवाय राहत नाही. मुळा नदी मुळात पूर्ववाहिनी. मुळशीत पडलेल्या थेंबानं पुण्यावरून भीमेत, कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जायचं. टाटांच्या धरणानं हे पाणी अडवून बोगद्यातून पश्चिमेला वळवलं. ते कड्यावरून भिऱ्याच्या वीजगृहात उतरतं आणि अरबी समुद्राकडे जातं. समुद्रातून आलेला पाऊस पुन्हा त्याच समुद्रात. या धरणाखाली जमिनी आणि गावं जाणार म्हणून १९२१ मध्ये मावळ्यांनी सत्याग्रह केला, पांडुरंग महादेव बापट त्यात ‘सेनापती’ झाले. मोठ्या धरणाविरुद्धचा देशातला तो पहिला संघटित लढा मानला जातो. शंभर वर्षांनी त्याच पाण्याच्या कडेनं आपण केवळ हौसेखातर घाम गाळत जातो, याची जाणीव असावी.

घामावरून शरीराच्या उष्णतेकडे येऊ. माणसाचा स्नायू फार कार्यक्षम नाही. खाल्लेल्यातली वीस-पंचवीस टक्के ऊर्जाच पॅडलपर्यंत पोहोचते, बाकीची उष्णता होते. पॅडलवर दीडशे वॅट देणारं शरीर आत सुमारे पाचशे वॅट उष्णता तयार करत असतं, आणि ती बाहेर टाकली नाही तर माणूस काही वेळात आडवा होईल. मे महिन्याच्या कोरड्या हवेत हे काम घाम करतो. एक लिटर घाम कातडीवर वाळला की जवळपास ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. इथं ‘वाळला’ हा शब्द महत्त्वाचा आहे. मुळशीच्या जुलैत हवाच पाण्यानं भरलेली असते, घाम वाळत नाही, नुसता ठिबकतो. अशा वेळी पाऊसच थंडावा देतो. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगानं उष्णता वाहून नेतं. चढावर पाठीवर पडणारी सर हे वरदान असतं, तिथं रेनकोट घालणारा आतून घामानं भिजतो आणि वरून शिजतो.

उतारावर हेच वरदान उलटतं. पाय थांबतात, आतली भट्टी विझते, आणि ओल्या कपड्यांवर ताशी चाळीसचा वारा लागतो. हवा एकवीस-बावीस अंशांची असताना दात वाजायला लागतात! ब्रेकवरची बोटं आपली राहत नाहीत. म्हणून जाणती मंडळी चढ भिजत चढतात, माथ्यावर थांबतात, आणि उतरण्याआधी पातळ विंडचीटर चढवतात. या अर्ध्या मिनिटाचा आळस करू नये. २००७ ची पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस जवळजवळ सलग पावसात झाली आणि दहांतल्या सुमारे तिघांना ती पूर्ण करता आली नाही. २०१९ मध्ये भारतातून शेकड्यांनी लोक गेले. रात्रीची थंडी आणि समोरचा वारा यांनी त्यांतल्या बहुतेकांचं गणित चुकवलं. ताम्हिणीत ब्रेस्टकडच्या ब्रिटनीची थंडी नाही, हे खरं. पण ओल्या अंगानं आठ-दहा तास काढताना आपलं शरीर कधी तापतं, कधी गारठतं, याची ओळख इथे होते, आणि ती ओळख कुठल्या पुस्तकात मिळत नाही.

आता ज्या गोष्टीनं मला सगळ्यात जास्त चकित केलं ती. ओल्या रस्त्यावर मोटारी पाण्याच्या थरावर तरंगतात आणि सुकाणू सुटतं, हे आपण ऐकतो. मग सायकलचा बोटभर रुंदीचा गुळगुळीत टायर तर हमखास तरंगायला हवा. तो तरंगत नाही. विमानांच्या चाकांसाठी नासाच्या संशोधकांनी एक साधं सूत्र काढलं: टायरमधला दाब जितका जास्त, तितका तरंगायला लागणारा वेग जास्त, दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. रोड सायकलच्या टायरमध्ये ८० पीएसआय हवा धरली, तर तो वेग ताशी दीडशे किलोमीटरच्या घरात निघतो. शिवाय सायकलचा टायर गोलसर असतो, पाणी दोन्ही बाजूंना फेकत जातो. म्हणजे ताम्हिणीच्या उतारावर माणूस कितीही सुटला तरी चाक पाण्यावर तरंगणार नाही. रस्त्याला टेकलेला टायरचा भाग दहा रुपयांच्या नाण्याएवढा असतो, आणि आपला सगळा भार त्या दोन नाण्यांवर असतो. हा भार पाणी चिरून थेट डांबरापर्यंत पोहोचतो. सायकलच्या टायरवरच्या नक्षीला डांबरी रस्त्यावर फारसा अर्थ नाही तो यामुळेच.

मग लोक घसरतात कशावरून? डांबराच्या वर जे असतं त्यावरून. पांढऱ्या पट्ट्यांचा रंग, पुलाच्या सांध्याचं लोखंड, डिझेलचा इंद्रधनुषी डाग, झाडांच्या सावलीतल्या कमी रहदारीच्या रस्त्यावरचं शेवाळ. पहिल्या पावसात वर्षभराचं तेल वर येतं, तो दिवस सगळ्यात निसरडा. आणि मुळशी तालुक्यात जुलैमध्ये आणखी एक, भातलावणीचा चिखल. आंबेमोहोर आणि इंद्रायणीची खाचरं रस्त्याला लागूनच आहेत. चिखलणी करून पॉवर टिलर एका खाचरातून दुसऱ्या खाचरात जाताना रस्ता ओलांडतो, आणि त्याच्या लोखंडी चाकांचे ठसे लालसर चिखलाच्या पट्ट्यांनी उमटत जातात. वळणापलीकडे असा पट्टा आला तर सायकल सरळ ठेवायची, ब्रेकला हात लावायचा नाही, आणि लोटत जायचं. शेतकऱ्याचा हंगाम आहे, रस्ता त्याचाही आहे.

ब्रेकची गोष्ट वेगळी. डिस्क ब्रेकला पावसाचा फार त्रास नाही. जुन्या पद्धतीचे, रिमवर रबरी शू दाबणारे ब्रेक असतील तर रिमवर पाण्याचा थर असतो आणि शूला आधी तो पुसावा लागतो. ताशी छत्तीस म्हणजे सेकंदाला दहा मीटर. पुसण्यात एक सेकंद गेला तरी दहा मीटर गेले, आणि ब्रेक लागायला तेव्हा कुठं सुरुवात होते. म्हणून वळणाच्या बरंच आधी ब्रेक हलकेच टेकवून रिम कोरडी करून घ्यायची सवय लावावी लागते. ही सवय कोरड्या दिवसांत लागत नाही.

पंक्चरही पावसातच जास्त होतात, आणि त्याचं कारण रबर कापून पाहिलेल्या कुणालाही पटेल. कोरडं रबर पात्याला धरून ठेवतं, ओलं केलं की पातं सरकन आत जातं. रस्त्यावरच्या काचेच्या तुकड्याला पाऊस तेवढी मदत करतो, शिवाय सगळा कचरा वाहून कडेला आणतो, जिथून सायकल जाते. एक पंक्चर झालं की ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून बोट हळूच फिरवायचं. तांदळाच्या कणीएवढी खडी किंवा फुटलेल्या टायरमधली केसासारखी बारीक तार टोचते. ती काढली नाही तर नवी ट्यूब दोन किलोमीटरवर बसते. ओल्यात पॅच चिकटत नाही, त्यामुळे पावसाळ्यात पॅचच्या भरवशावर न राहता ट्यूबा दोन ठेवाव्यात.

घरी आल्यावरची कामं राईडचाच भाग आहेत. चेनवर वाळू आणि तेल मिळून जो काळा लेप बसतो तो पॉलिश पेपरचं काम करतो; चेन धुऊन, पूर्ण कोरडी करून, तेल देऊन, वरचं तेल फडक्यानं पुसून घेतलं नाही तर एका पावसाळ्यात चेन ताणते आणि मागचे दाते खाते. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, तासाभरानं बदलायचे. सकाळपर्यंत बूट घालण्याजोगे होतात. पायांच्या आणि सीटवर घासणाऱ्या कातडीकडे लक्ष द्यायचं. भिजून पांढरी पडलेली कातडी कोरड्या कातडीपेक्षा लवकर सोलते, आणि सहाशेची ब्रेव्हे सोडायला पाय दमावेच लागतात असं नाही, असा एक फोड पुरेसा असतो.

खाण्याचाही सराव करावा लागतो, हे नवख्याला खरं वाटत नाही. दोनशे किलोमीटरला चार-पाच हजार किलोकॅलरी लागतात. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर सोळाशे ते दोन हजारांपर्यंतच असते. उरलेलं चरबीतून आणि वाटेत खाऊन भरायचं. आतड्याला ग्लुकोज तासाला साधारण ६० ग्रॅमच शोषता येतं, कारण त्याला आत घेणारी दारंच तेवढी. फ्रुक्टोजचं दार मात्र वेगळं आहे. दोन्ही एकत्र घेतली तर मर्यादा तासाला ९० ग्रॅमच्या आसपास जाते. आपली साखर म्हणजे निम्मं ग्लुकोज, निम्मं फ्रुक्टोज, आणि गुळातही मुख्यतः तीच असते. म्हणजे लोणावळ्याची चिक्की हे महागड्या जेलच्या तोडीचं इंधन आहे, वर शेंगदाण्याचं तेल. पावसात तहान लागत नाही आणि भूक कळत नाही, म्हणून घड्याळ बघून खायचं. ओल्या हातमोज्यांनी वेष्टण उघडत नाही, त्यामुळे घरूनच तुकडे करून सायकलच्या पुढच्या दांडीवरच्या पिशवीत ठेवावेत. हे सगळं आतड्याला हळूहळू सवयीचं होतं. ज्यानं आषाढात खायची सवय लावली नाही, त्याचं पोट नोव्हेंबरात तीनशेव्या किलोमीटरला बंड करतं.

एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. हवामान खात्याचा रेड अलर्ट असेल त्या दिवशी ताम्हिणीत जाऊ नये. दरड कोसळते तेव्हा सायकल आणि मोटार यांत ती भेद करत नाही, आणि धुक्यात दहा मीटरवरचा तांबडा दिवाही दिसत नाही. अतिवृष्टीत प्रशासन घाटात पर्यटनाला बंदी घालतं ती पाळावी. त्या दिवशी घरात ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागीच फिरवायच्या स्टँडवर, समोर मोठा पंखा लावून दोन तास चालवावं. किंवा सह्याद्रीनं दिलेली सोय वापरावी: पुण्याहून पश्चिमेला जितकं अंतर जाऊन ढगात शिरता येतं, तितकंच पूर्वेला सासवड-जेजुरीकडे गेलं की पर्जन्यछायेतला मोकळा रस्ता मिळतो. एकाच शहराच्या दोन्ही हातांना दोन ऋतू असणं, हे भाग्य फार थोड्या सायकलस्वारांना लाभतं.

या अंतरांसाठी जन्मजात काही वेगळं लागतं का? महाराष्ट्राची उदाहरणं पाहिली तर तसं वाटत नाही. अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ २०१५ मध्ये नाशिकच्या हितेंद्र आणि महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या संघात पूर्ण केली, भारतीय संघ म्हणून पहिल्यांदा. २०१७ मध्ये नाशिकचे श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे अमित समर्थ यांनी ती एकट्यानं, बारा दिवसांच्या आत पूर्ण केली. चौघेही डॉक्टर, म्हणजे ओपीडी, ड्यूटी, रात्रपाळी सांभाळून सराव करणारे. २०१८ मध्ये पुण्याची वेदांगी कुलकर्णी विशीतच सायकलवर पृथ्वीप्रदक्षिणा करून आली, सुमारे २९ हजार किलोमीटर, १५९ दिवस. या सगळ्यांत समान काही असेल तर आठवड्यांमागून आठवडे न तुटलेली साखळी. ज्या कणिका ८४ दिवसांत ओसरतात, त्या ओसरू न देणं.

पुढची पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ऑगस्ट २०२७ मध्ये आहे. तिच्यासाठी त्या वर्षीच्या हंगामात २००, ३००, ४०० आणि ६०० पूर्ण करावे लागतात, आणि आदल्या वर्षी जितकी लांब ब्रेव्हे केलेली असेल, तितकं नावनोंदणीत आधी स्थान मिळतं. पात्रतेच्या राईड उन्हाळ्यापर्यंत बहुतेकांच्या आटोपतील. विमानात बसण्याआधीचे शेवटचे पाच-सहा आठवडे मग राहतील, ते जूनअखेर आणि जुलैचे, म्हणजे ताम्हिणीत सगळ्यात जास्त पाऊस पडतो ते.